न्यूपोर्टची मिसेस जोन्स

निकिता खरातच्या डोक्यात ब्रिटनमधले ते चार देश काही केल्या वेगळे राहत नव्हते.

ती वाढली खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. वडील कचरू खरात त्याच कारखान्यात कामाला. बी.कॉम. झाल्यावर तिने पुण्यात जिथे तिथे मुलाखती दिल्या, आणि प्रत्येक ठिकाणी तिचं इंग्रजी ऐकून ‘कळवतो’ असं सांगून लोकांनी तिला वाटेला लावलं. कळवलं कोणीच नाही. बरोबरीच्या मुली एकेक करत हिंजवडीला लागल्या, आणि आई, प्रेमलाबाई, शेजारणींनी विचारू नये म्हणून नळावर उशिरा जायला लागली. शेवटी दोन हजार चार सालच्या जानेवारीत कल्याणीनगरच्या एका कॉल सेंटरने निकिताला घेतलं, तेही तात्पुरतं. ब्रिटनमधल्या एका वीज कंपनीच्या ग्राहकांचे फोन इथे बसून घ्यायचे. काम जमलं तर कायम करू, नाहीतर नमस्कार.

प्रशिक्षण द्यायला अनिरुद्ध होता. कर्वेनगरचा माणूस, काही वर्षं तिकडे राहून परत आलेला, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण मूर्ख आहोत हे दोन मिनिटांत पटावं.

“इंग्लंड म्हणजे गुलाब. स्कॉटलंड म्हणजे ते जांभळं काटेरी फूल. उत्तर आयर्लंडचं तीन पानांचं, आपल्या आंबुशीसारखं. वेल्सचं पिवळं डॅफोडिल, आणि लीक. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. त्यांचे लोक सणाला ते टोपीला लावतात. हसू नका, आपण आंब्याची पानं दाराला लावतो.” मग त्याने भिंतीवर ब्रिटनचा झेंडा दाखवला. “यात तीन क्रॉस आहेत. इंग्लंडचा, स्कॉटलंडचा, आयर्लंडचा.”

“आणि चौथा?” निकिताने विचारलं.

“वेल्स आधीच इंग्लंडच्या घरात राहायला होता. झेंडा शिवताना त्याला कोणी विचारलं नाही. त्यांचा स्वतःचा झेंडा आहे, लाल ड्रॅगनचा. आणि म्हणूनच त्यांना इंग्लिश म्हटलेलं अजिबात चालत नाही. साताऱ्याच्या माणसाला तुम्ही सोलापूरचे ना म्हणालात तर तो फक्त तोंड वाकडं करेल. हे फोन आपटतील.”

निकिता पहिल्या परीक्षेत नापास झाली. आंबुशी तिने स्कॉटलंडला दिली, ड्रॅगन आयर्लंडला. अनिरुद्धने पेपर परत देताना म्हटलं, “आपण तर नवीनच राज्यघटना लिहिलीत,” आणि सगळा वर्ग हसला. पुन्हा एकदा संधी होती. तीही गेली तर घरी.

त्या रविवारी कचरू तिला क्वार्टर्सपासून जवळच असलेल्या लष्करी दफनभूमीत घेऊन गेले. महायुद्धातले गोरे सैनिक तिथे पुरलेले आहेत. कापलेल्या हिरवळीत सारख्या उंचीचे पांढरे दगड, आणि प्रत्येकावर पलटणीचं चिन्ह कोरलेलं.

“फिर,” ते म्हणाले. “तुझे सगळे देश इथंच आहेत.”

तिला काटेरी फूल सापडलं, आयर्लंडच्या पलटणीचं वीणेसारखं एक वाद्य सापडलं, गुलाब सापडला. एका दगडाच्या तळाशी कुठल्यातरी अनोळखी भाषेतली ओळ होती, डबल डी आणि डबल एलने भरलेली. कचरू मात्र चिन्हांकडे बघत नव्हते. ते वयं वाचत होते. “एकवीस,” ते एका दगडापाशी म्हणाले. “तुझ्यापेक्षा लहान पोरगा गं. कुठला कुठे येऊन पडला.”

दुसऱ्या वेळी ती पास झाली आणि फोन घ्यायला बसली. तिथे तिचं नाव निकी. पण तोंडात बसलेली सवय सुटली नव्हती. घरी आई विचारायची, “कुठल्या लोकांशी बोलतेस?” तर ती सरळ म्हणायची, “इंग्लंडच्या.” क्वार्टर्समध्ये सगळे तेच म्हणायचे.

एक मार्चला सोमवार होता. प्रशिक्षणाच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर अनिरुद्धने सकाळीच पिवळ्या खडूने डॅफोडिल काढून ठेवलं होतं. खाली काय लिहिलंय ते निकिताने वाचलं नाही. तिला उशीर झाला होता. दुपारचा चहा येऊन गेला, तिकडे सकाळ उजाडली आणि फोन सुरू झाले. मीटर, बिलं, पत्ता बदल. त्यातच तो फोन आला.

निकिताने ठरलेलं स्वागताचं वाक्य म्हटलं. पलीकडे कोणी बोलेना. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि लांब कुठेतरी रेडिओ.

“हॅलो? मी आपली काय मदत करू शकते?”

“पडले,” एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. इंग्रजीतच, पण जड, ओढल्यासारखा. “पडले मी. हा हात… हा हात माझा नाही.”

निकिता ताठ झाली. “आपण कुठे आहात? घरात दुसरं कोणी आहे?”

“न्यूपोर्ट.”

“आपलं नाव?”

“जोन्स. मिसेस जोन्स.” मग श्वास. “लीक्स… सगळीकडे लीक्स. जमिनीवर.”

निकिताने टीम लीडर हेमाला हात केला. हेमा धावत आली आणि दुसरा हेडसेट लावून ऐकू लागली. बाईंना पोस्टकोड विचारला, रस्ता विचारला, उत्तर आलं नाही. पोस्टकोडशिवाय ग्राहक शोधायला निकिताचा संगणक तयार नव्हता, आणि तिकडून येणारा फोन कुठल्या नंबरवरून येतोय हे पुण्यात दिसायचंच नाही. बाईंनी कधीतरी कंपनीला फोन केला असावा आणि आता पडल्या पडल्या हाताला लागलेलं, तोच नंबर पुन्हा लावणारं बटण दाबलं असावं.

“लीक म्हणतेय,” हेमा कुजबुजली. “गॅस असेल. नाहीतर पाणी, आणि जवळ वीज.” ती आपल्या संगणकाकडे वळली; टीम लीडरच्या संगणकावर गाव आणि आडनावावरून यादी निघायची. तातडीच्या प्रसंगी तिकडच्या ऑफिसला कळवायचं, हा नियम. “गाव न्यूपोर्ट. आडनाव जोन्स. देश?”

“इंग्लंड,” निकिता म्हणाली.

तिने विचार केला नाही. विचार करायला वेळही नव्हता. हेमाने इंग्लंड निवडलं आणि फोन लावला.

तिकडच्या माणसाने सगळं नीट ऐकून घेतलं. न्यूपोर्ट नावाच्या इंग्लंडमधल्या गावांत जोन्स आडनावाचे ग्राहक तो शोधतो म्हणाला, गॅसवाल्यांना आणि पोलिसांना कळवतो म्हणाला. बाईंना बोलतं ठेवा, असंही म्हणाला.

निकिता बोलत राहिली. पण बाईंचं इंग्रजी हळूहळू संपत चाललं होतं. जे येत होतं ते निकिताने जन्मात ऐकलं नव्हतं. घशातून घासत येणारे शब्द, मध्येच गाण्यासारखे चढणारे. एक गोष्ट मात्र बाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “पाइद,” त्या म्हणायच्या. “पाइद आ मिन्द.”

“पेड?” निकिता म्हणाली. “हो, मिसेस जोन्स, बिल भरलेलं आहे. बिलाची काळजी करू नका.”

“पाइद आ मिन्द,” बाई रडायला लागल्या.

तिकडून निरोप आला. एका मिसेस जोन्सनी स्वतः दार उघडलं, ठणठणीत होत्या. दुसऱ्या मिसेस जोन्स दुकानातून परत येताना रस्त्यात भेटल्या. आणखी एका घरी तरुण जोडपं राहतं. गॅसची गळती कुठेच नाही. मग तो माणूस म्हणाला, “हा कोणाचा तरी खोडसाळपणा तर नाही ना?”

हेमाने निकिताकडे पाहिलं. हेमाच्याही वर कोणीतरी होतं. फोन लांबला की तिला उत्तर द्यावं लागायचं. “निकिता, तुला खात्री आहे ना?”

“हेमा, बाई मरतेय.” निकिताचा आवाज फाटला. “मला ऐकू येतंय. श्वास बघ ना कसा येतोय. प्लीज, फोन तोडायला सांगू नकोस.”

“मी तोड म्हणाले का?” हेमा म्हणाली.

आजूबाजूची पोरं उभी राहिली होती. ती गर्दी बघून अनिरुद्ध चहाचा कप घेऊनच आला. “काय, आग लागली का कुठे?”

हेमाने त्याला दोन वाक्यांत सांगितलं. म्हातारी बाई, न्यूपोर्ट, जमिनीवर सगळीकडे लीक.

“कुठली लीक?” अनिरुद्ध म्हणाला. “गळती की भाजी?”

निकिता आणि हेमाने एकमेकींकडे पाहिलं.

“आज एक मार्च आहे. सेंट डेव्हिडचा दिवस. वेल्समध्ये आज घरोघरी लीकचं सूप असतं. ती भाजी चिरत होती, पडली, आणि भाजी तिच्या आजूबाजूला सांडलीय.” त्याने कप तिथेच टेबलावर ठेवला. “न्यूपोर्ट नावाचं मोठं शहर आहे वेल्समध्ये. तुम्ही शोधताय कुठे?”

“इंग्लंडमध्ये,” हेमा म्हणाली.

“इंग्लंड कोणी सांगितलं?”

“मी,” निकिता म्हणाली.

अनिरुद्धकडे अशा वेळी नेहमी काहीतरी बोचरं असायचं. आज त्याने फक्त खुर्ची ओढली, हेमाच्या संगणकासमोर बसला आणि देश बदलला. यादी उघडली. न्यूपोर्टच्या जोन्स मंडळींची पानंच्या पानं सरकायला लागली.

“कोल्हापुरात पाटील शोधायचे तसं आहे हे,” तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. मग हेमाचा हेडसेट कानाला लावून थोडं ऐकलं आणि वळला. “ती बोलतेय ती वेल्श भाषा आहे. वेल्सच्या राजधानीत, कार्डिफच्या ऑफिसात त्या भाषेचं वेगळं टेबल असतं. हेमा, तिकडे जोडा. लगेच.”

जोडायला वेळ लागला. एकदा चुकीच्या माणसाकडे फोन गेला, एकदा नुसतं संगीत वाजत राहिलं. निकिता तोवर हेडसेट दोन्ही हातांनी कानावर दाबून बसली होती, जणू तिने हात काढले तर बाई खाली पडतील. श्वासांमधलं अंतर वाढत होतं. प्रत्येक श्वासानंतर तिला वाटायचं, हा शेवटचा. मग पुढचा यायचा, आणि तिचाही श्वास सुटायचा.

शेवटी एक बाई फोनवर आली. नेरिस तिचं नाव. ती वेल्शमध्ये काहीतरी बोलली, आणि मिसेस जोन्सच्या आवाजात एकदम जीव आला. अडखळत, तुटत, पण त्या बोलायला लागल्या. निकिताला एक अक्षर कळलं नाही, तरी तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

नेरिस इंग्रजीत म्हणाली, “या बाई न्यूपोर्ट शहरातल्या नाहीत. पश्चिमेला समुद्रावर त्याच नावाचं एक लहानसं गाव आहे. आमच्या भाषेत त्रेवद्राइथ म्हणतात. घराचं नाव ब्रिन अवेल. सापडलं, माझ्यासमोर आहे. मी रुग्णवाहिकेला दुसऱ्या लाइनवरून कळवते. ती लांबून येईल, वेळ लागणार. तुम्ही फोन सोडू नका.”

“मी काय बोलू? त्यांना माझं कळत नाही.”

“तुम्ही त्यांना काय सांगत होता मघापासून?”

“त्या पेड पेड म्हणत होत्या. मी सांगितलं, बिल भरलंय.”

“पाइद आ मिन्द म्हणजे जाऊ नकोस,” नेरिस म्हणाली. “त्यांना बिलाचं काही नकोय. बोलत राहा. कुठल्याही भाषेत बोला. माणसाचा आवाज हवाय त्यांना.”

नेरिस दुसऱ्या लाइनवर गेली. निकिताने इंग्रजीत सुरुवात केली. मदत येतेय, मिसेस जोन्स, लवकरच येतेय, घाबरू नका. ही वाक्यं तिने प्रशिक्षणात पाठ केलेली होती, आणि ती चार-पाच वेळा म्हटल्यावर संपली. मग तिला सुचेना. पलीकडे शांतता वाढायला लागली तशी ती घाबरून मराठीत बोलायला लागली.

“आजी, मी जात नाही कुठे. ऐकताय ना? माझं नाव निकी नाही, निकिता आहे. मी खडकीला राहते. आमच्या घराजवळून रेल्वे जाते, तिचा आवाज झोपेत पण येतो. माझी आई पण भाजी चिरताना अशीच खाली बसते. आमच्याकडे कांद्याच्या पातीत पीठ पेरतात. तुम्ही सूप करत होतात ना? आजी, बोला ना. काहीतरी बोला.”

“इआ,” पलीकडून आलं. मग आणखी काही शब्द. निकिताने उत्तर दिलं, जणू तिला कळलं होतं. तिने वडिलांबद्दल सांगितलं, नापास झाल्याचं सांगितलं, आई नळावर उशिरा जाते ते सांगितलं. हे तिने कोणालाच सांगितलेलं नव्हतं. हेमा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. अनिरुद्ध जमिनीकडे बघत होता. बाईंचे शब्द कमी होत गेले, मग नुसता हुंकार उरला, मग तोही गेला आणि श्वास तेवढा राहिला. रेडिओवर मुलं कसलंतरी गाणं म्हणत होती.

“आजी, झोपू नका. आजी.”

बऱ्याच वेळाने कुत्रं भुंकलं. दार धडधडलं, लाकूड मोडल्याचा आवाज आला, जड बूट आले. माणसं एकमेकांशी भराभर बोलत होती. कोणीतरी फोन उचलला.

“कोण बोलतंय?”

“वीज कंपनी,” निकिता म्हणाली. “पुण्यातून.”

“कुठून?”

“इंडिया. त्या कशा आहेत?”

“आहेत अजून. आता आम्ही बघतो.” आणि फोन बंद झाला.

समोरच्या पडद्यावर नेहमीची चौकट आली. फोन कशाबद्दल होता ते निवडा. बिल, मीटर, तक्रार, पत्ता बदल, इतर. निवडल्याशिवाय ती चौकट जात नसे. निकिता तिच्याकडे बघत बसली. शेवटी हेमाने हात पुढे करून ‘इतर’ निवडलं.

दुसऱ्या दिवशी निकिता शिफ्टच्या कितीतरी आधी जाऊन बसली. नेरिसचा फोन दुपारी आला. हेमाने तो मीटिंगच्या खोलीत घेऊ दिला.

“त्या काल संध्याकाळी गेल्या,” नेरिस म्हणाली. “मेंदूत रक्तस्राव झाला होता. शेजारीण सोबत होती. नाव माइर होतं त्यांचं. चर्चच्या जेवणासाठी सूप करत होत्या.”

“लवकर पोहोचले असते तर वाचल्या असत्या?”

“ते कोणी सांगू शकत नाही.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“मी विचारलं नाही,” नेरिस म्हणाली. “तुम्हीही विचारू नका.”

निकिता जिन्यात जाऊन बसली. थोड्या वेळाने अनिरुद्ध आला आणि दोन पायऱ्या सोडून बसला. ती म्हणाली, “मी इंग्लंड म्हणाले.”

“मी तिकडे गेलो तेव्हा सगळ्यांनाच इंग्लिश म्हणायचो,” तो म्हणाला. “एक वर्ष तरी. लोक रागावायचे, मग हसायचे. त्यापलीकडे काही झालं नाही.”

“तुमच्यामुळे कोणी मेलं नाही.”

“नाही,” अनिरुद्ध म्हणाला. मग तो म्हणाला, “त्या न्यूपोर्टचं मला पण माहीत नव्हतं. मी शहरातच शोधत बसलो असतो.”

हेमाने तिला घरी जा म्हटलं. निकिता गेली नाही. ती खुर्चीवर बसली, फोन घेतले, आणि दिवसभर कोण काय बोललं ते तिला काहीच आठवलं नाही.

त्याच आठवड्यात तिकडून वरिष्ठांचं कौतुक आलं. एका ग्राहकाला संकटात साथ दिल्याबद्दल. पुण्याच्या मॅनेजरने तिला बोलावून हात मिळवला, सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या आणि तिला कायम केल्याचं सांगितलं. निकिताने थँक यू म्हटलं. ती खाली आली, स्वच्छतागृहात गेली आणि नळ सोडून त्याखाली हात धरून उभी राहिली. याच दिवसासाठी तिने दोन वर्षं रोज बाबासाहेबांच्या फोटोपुढे हात जोडले होते. आता तो आला होता, आणि तिला तो परत करायचा होता. कोणाकडे करायचा ते कळत नव्हतं.

घरी प्रेमलाबाईंनी पेढे आणले. शेजारच्या मथुराबाई आल्या, समोरच्या आल्या. लहानशा खोलीत बसायला जागा उरली नाही.

“पण एवढ्या लवकर कसं काय केलं गं कायम?” मथुराबाईंनी विचारलं. “आमच्या पुतण्याला वर्ष झालं.”

“चांगलं काम केलं असेल म्हणून,” प्रेमलाबाई म्हणाल्या. बोलताना त्यांची मान उंच झाली होती. निकिताने आईला अशी कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. “सांग ना गं, काय केलंस?”

“एका आजींशी बोलले,” निकिता म्हणाली. “त्या घरात एकट्याच होत्या.”

“बघा. मग बरं वाटलं असेल त्यांना.”

कचरू दाराशी उभे होते. त्यांना तिने आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. तिला वाटलं, आता रागावतील. मग त्यांनी फक्त विचारलं, “शेवटपर्यंत फोन सोडला नाहीस ना?” ती नाही म्हणाली. “मग झालं,” ते म्हणाले. पण ते म्हणताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

“घे, तू पण घे,” प्रेमलाबाईंनी तिच्या हातावर पेढा ठेवला. “सगळ्यांना वाटलेस आणि स्वतः अजून खाल्ला नाहीस.”

सगळ्या बघत होत्या. निकिताने पेढा तोंडात घातला आणि तो गिळता येईना म्हणून गालात धरून हसत राहिली. कचरूंनी तिच्याकडे पाहिलं, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि कोणाला कळणार नाही अशा बेताने तिच्या बाजूला ठेवून बाहेर गेले.